रॉक बँड झील धरतो

मी एकेकाळी रॉक बँडमध्ये होतो, हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, मुंजीत, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्यालाही ऐकवलेलं आहे. समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडं बघतो, मग डोक्याकडं, म्हणजे जिथं केस असायला पाहिजेत तिथं, आणि दबक्या आवाजात विचारतो, "खरंच?" खरंच. आणि नुसता रॉक बँड नाही, आमच्या बँडनं एका रॅप गाणाऱ्या मुलीबरोबर कार्यक्रम केला होता. परदेशात असे प्रयोग मोठमोठी मंडळी करतात आणि त्यांच्यावर लेख येतात. आमच्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच बसलोय.

आम्ही तिघं होतो. गिटार आणि गाणं माझ्याकडं. माझे पणजोबा वेरूळला पूजा सांगायचे, आजोबांनी निजामाच्या कचेरीत कारकुनी केली आणि मी वाळूजच्या एका कंपनीत नटबोल्ट नीट झालेत की नाही ते बघायचो. घराण्यात गिटार कुठूनही आलेली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझी आई "तो सतार शिकतोय" असं सांगायची.

दुसरा दाताचा डॉक्टर. उस्मानपुऱ्यात त्याचा दवाखाना होता. तो बेस, म्हणजे चार जाड तारांची गिटार वाजवायचा, आणि वाजवताना पेशंटच्या दाढेकडं बघावं तसा एकटक तारांकडं बघायचा. तिसरा आमचा ड्रमर. मूळचा पिशोरचा. शेती भावाकडं सोपवून शहरात आला आणि दोन टँकर घेतले. त्या दुष्काळाच्या वर्षांत आमच्या तिघांपैकी एकट्या त्याचा धंदा वाढत होता आणि त्याची त्यालाच लाज वाटायची. "पाणी विकतो" असं तो कधी म्हणाला नाही. "पाणी पोचवतो" म्हणायचा. बँडला नाव होतं, पण ते सांगत नाही. सांगितलं तर पुढचं तुम्ही गंभीरपणे वाचणार नाही.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर व्हायच्या आधीची ही गोष्ट. शहर बीड बायपासच्या बाजूनं असं वाढत होतं, की एका दिवाळीत जिथं ज्वारी पाहिली तिथं पुढच्या दिवाळीत लिफ्ट. नळ मात्र उलट्या दिशेनं निघाला होता. आधी एका दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग आमच्या गल्लीत आज सोमवार की मंगळवार हे कुणी विचारेना, "आज नळाचा वार का?" एवढंच विचारायचे. बायपासवर नव्या टॉवरांच्या जाहिराती लागलेल्या होत्या आणि प्रत्येक जाहिरातीत एक निळाशार तलाव आणि तलावात एक हसरं कुटुंब. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त पाणी त्या पाट्यांवरच पाहिलं.

आमची प्रॅक्टिस रविवारी सकाळी, दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. गाणी इंग्रजी. उच्चार आमचे खास मराठवाडी. अर्थ ऐकणाऱ्यालाही कळायचा नाही आणि आम्हालाही, त्यामुळं भांडणाचा प्रश्न नव्हता. दवाखान्याची किल्ली डॉक्टर नेमानं हरवायचा, म्हणून दार उघडायला त्याची सहायक यायची. चोवीस-पंचवीस वर्षांची, सडपातळ, ओढणी खांद्यावरून कमरेला बांधलेली. उस्मानपुऱ्याच्या पलीकडं, रेल्वेलाईनपल्याडच्या वस्तीत राहायची. दार उघडून ती जिन्यावर बसायची आणि आम्ही वाजवून थकेपर्यंत हाताची घडी घालून ऐकायची. मी समजायचो, ही आपली चाहती. बँडची एकुलती एक. मी तिच्याकडं बघून एक-दोनदा मान झटकून केस मागं टाकले, तेव्हा थोडे होते.

एका रविवारी ती म्हणाली, "काका, एक इचारू?"

'काका' ऐकूनच माझ्या गिटारीची एक तार उतरली. "विचार."

"वाजवता तर लई भारी. पण सांगता काय?"

"म्हणजे?"

"म्हंजी एवढा आवाज करून मानसाला बोलावलं, मानूस आला, बसला. आता त्याला सांगायचं काय?"

डॉक्टर खाली बघून हसला. ड्रमर उघडपणे हसला. मी थोडासा ताठ झालो आणि म्हणालो, "मग तू सांग. तुझ्याकडं काही असेल तर."

हे मी टोमणा म्हणून म्हटलं होतं, हे इथं कबूल करतो. ती उठली, ड्रमरकडं वळली. "दादा, साधा ठेका द्या. भजनी नको, चालताना पाय पडत्यात तसा." ड्रमरनं दिला. आणि त्या मुलीनं, रोज खाली "आजोबा, आ करा" म्हणणाऱ्या मुलीनं, तोंड उघडलं:

नळ म्हनतो थांब, टाकी म्हनते थांब,
बायपासचा टॉवर कधी म्हनत नाय थांब.
लिफ्टमधून पानी चढतं धाव्या मजल्यावर,
आमच्या गल्लीत यायचं तर? नंबर धर, नंबर धर!

गात नव्हती, बोलतही नव्हती. शब्द असे टाकत होती, की एकेक शब्द ठेक्यावर येऊन पाय रोवून उभा राहायचा. श्वास कुठं घेत होती ते मला आजवर कळलेलं नाही. माझा हात गिटारीवर होता तसाच राहिला. कॉलेजात असताना गुलमंडीवर भरून घेतलेली एक कॅसेट माझ्याकडं होती. त्यात रॉकवाले आणि रॅपवाले एकाच गाण्यात होते, आणि मला ते नेहमी दोन भाडेकरूंनी एकाच नळावर भांडावं तसं वाटायचं. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, की भांडण माझ्या कानात होतं, त्या गाण्यात नव्हतं.

"हे कुठं शिकलीस?" डॉक्टरनं विचारलं. चार वर्षं ती त्याच्याकडं कामाला होती.

"मोबाईलवर बगून. आन् घरी. आमच्या पप्पांचा जलसा हाय ना."

तिचे वडील शाहीर. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, आणि तीस वर्षं वस्तीचा जलसा चालवत आलेले. भीमजयंतीचा महिना आला की त्यांना घरी जेवायला वेळ नसायचा. मी त्या वस्तीपासून पंधरा मिनिटांवर जन्मलो, वाढलो, टकला झालो, आणि हा जलसा मी एकदाही ऐकलेला नव्हता. परदेशातल्या कुठल्या बँडमध्ये कोण ड्रम वाजवतो ते मात्र मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं.

आम्ही तिला तिथल्या तिथं बँडमध्ये घेतलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. पुढच्याच रविवारी लक्षात आलं, की तिनं आम्हाला घेतलेलं आहे.

कारण तिच्यापुढं अट होती. तिच्या वडिलांच्या जलशाची एक रीत होती: ज्याच्या पाळीत लोक उठतील, त्यानं मागं झीलकऱ्यांत जाऊन उभं राहायचं. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून ओळीचं शेपूट उचलून धरणारे. शाहीर दम घेतो तेवढ्यात ते तीच ओळ शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतात. मुलगी नवव्या वर्षापासून झीलकऱ्यांत उभी होती. स्वतःचे शब्द घेऊन पुढं उभं राहायचं म्हणून दोन वर्षं वडिलांच्या मागं लागली होती. शेवटी ते म्हणाले, ठीक. यंदा जयंतीच्या स्टेजवर एक पाळी तुझी. हे तुझं जे कडकड बोलनं हाय, त्येच्यावर लोक बसून राह्यले, तर पुढच्या साली जलशात तुझी पाळी कायम. उठले, तर मागं. पुन्ना इषय काढायचा नाय.

"आणि उठले तर तू खरंच मागं जाशील?" मी विचारलं. "दुसरीकडं कुठं गायचं. पुण्याला जायचं."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की जणू मी कुणाला घर सोडून हॉटेलात राहा म्हटलंय. "पप्पांच्या पाळीतबी एकदा लोक उठले होते. माज्या जन्माच्या आदी. तेव्हा जलसा दुसऱ्याचा होता. पप्पा एक साल मागं उभे होते. मग मी कोन लागून गेले?"

तर जयंतीला दोन महिने होते आणि एका मुलीची मागची पंधरा आणि पुढची कोण जाणे किती वर्षं आमच्या तिघांच्या हातात होती. आणि आम्ही काय केलं? आम्ही जोरात वाजवलं.

रॉकवाल्याला दुसरं येतंच काय? तिनं तोंड उघडलं की मला वाटायचं, मीही काहीतरी केलं पाहिजे. तिनं 'नळ' म्हटलं की मी गिटारीनं पूर आणायचो. शेवटी एक दिवस ती सरळ चालत माझ्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेली आणि आवाजाचं बटण आठावरून दोनवर आणून ठेवलं.

"दोनवर?" मी किंचाळलो. "दोनवर तर आमच्या घरचा मिक्सर चालतो!"

"काका, तुमचा आवाज मला आवडतो. पन माझा शब्द त्येच्याखाली चेंगरतोय. तुमी शब्दाच्या पुढं नका पळू. मागं या. ओळ संपली, मी दम घेतला, की तेवढ्यात मारा. मग जेवढं मारायचं तेवढं मारा."

"म्हणजे झीलकरी," डॉक्टर म्हणाला.

"व्हय. झीलच."

मला राग आला. एवढी वर्षं मी पुढं उभा होतो. ड्रमर म्हणाला, "लेका, पुढं उभा होतास खरा, पण पुढं बसलेलं कोण होतं ते तरी सांग." डॉक्टर म्हणाला, "माझ्या धंद्यात मी आजवर कुणाला तोंड बंद कर म्हटलेलं नाही. आज पहिल्यांदा म्हणतो. कर." मग मी दोनवर वाजवलं. आणि झालं असं, की तिची ओळ संपून पुढची सुरू व्हायच्या मधल्या फटीत माझी गिटार जेव्हा पडली, तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा मोठी ऐकू आली. बटण दोनवर असताना. त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात एकटाच हसत होतो.

"नंबर धर, नंबर धर!" हे मात्र आम्ही तिघांनी तोंडानं म्हणायचं होतं. मी प्रत्येक वेळी अर्धा ठेका उशिरा यायचो. "काका, तुमचं 'धर' येईपर्यंत मानसाचा नंबर जातो," ती म्हणायची.

जयंतीचा दिवस आला. कार्यक्रम संध्याकाळी सहाला, वस्तीच्या विहारापुढच्या मैदानात. निळ्या पताका, पांढरीशुभ्र लुगडी, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर शाहीर. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला, मांडीवर हात. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "जय भीम. तुमीच का ते लांब तारवाले साहेब?" मला वाटलं, कौतुक आहे. मग कळलं, माझी गिटारीची वायर लोकांच्या पायात येत होती.

इथं आता आमच्या ड्रमरचा मोठेपणा सांगितला पाहिजे. त्याच्या मनात आलं, वस्तीत नऊ दिवस पाणी आलेलं नाही, आपण पाण्यावर गाणं म्हणायला चाललोय, रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यानं कुणालाही न सांगता आपला एक टँकर भरून वस्तीला फुकट द्यायचं ठरवलं. ड्रायव्हर त्याचा चुलतभाऊ. त्याला सांगितलं, "साडेसातला ये. तवर आमचं आटपलेलं असतं. लोक घरी जाताना पाणी घेऊन जातील." हिशेब अगदी चोख होता. फक्त तो मराठवाड्यात राहून, सहाचा कार्यक्रम सहाला सुरू होईल असं धरून चालला होता.

भाषणं सात वाजेपर्यंत चालली. त्यानंतर मी. मला आवाज तपासायचा होता. स्टेजवर गेल्यावर माणसाचं डोकं फिरतं हो. दोनवरचं बटण मी हळूच चारवर नेलं, मग शिट्टी आली, मग शिट्टी घालवायला पुन्हा वेळ. साऊंडवाला वैतागून म्हणाला, "भाईजान, इत्ता आवाज कायको होना? लोकां तो सामनेच बैठेले हैं." मी वीस मिनिटं खाल्ली. ही वीस मिनिटं मला अजून आठवतात.

साडेसातला तीन मिनिटं कमी असताना तिनं सुरुवात केली. मी बटण मुकाट्यानं दोनवर आणलं होतं. "नळ म्हनतो थांब" म्हटल्यावर मैदान थोडं चमकलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. 'बायपासचा टॉवर' आला तसा मागून एक म्हातारा "घ्या!" म्हणून ओरडला. आम्ही "नंबर धर, नंबर धर!" म्हटलं, मी जवळजवळ वेळेवर. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा निम्मं मैदान आमच्याबरोबर म्हणालं. मी शाहिरांकडं पाहिलं. मांडीवरचं त्यांचं एक बोट हलत होतं. एकच बोट, पण हलत होतं.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

ड्रमरच्या टँकरचा हॉर्न तीन सुरांचा होता. त्यानं तो हौसेनं बसवून घेतलेला. मी मागं वळून पाहिलं. ड्रमरचा चेहरा मला काढता येत असता तर मी चित्रकार झालो असतो. हात ठेका धरून होते, तोंड उघडं, आणि डोळे आपल्याच मालकीच्या त्या वाहनाकडं. तो ड्रायव्हर चार वर्षांत एकदाही, पोटच्या पोराच्या बारशालासुद्धा, वेळेवर आलेला नव्हता. त्या दिवशी बरोबर साडेसात.

"टँकर! टँकर आला!"

नऊ दिवस पाणी नसलेल्या वस्तीत हा शब्द ऐकल्यावर कोण बसून राहील? मीही उठलो असतो. अख्खं मैदान उठलं. पांढरी लुगडी घरांकडं पळाली आणि निळे ड्रम, हंडे, कळश्या, तेलाचे डबे घेऊन परत आली. अर्ध्या मिनिटात समोर नुसत्या सतरंज्या. सतरंज्यांपुढं एका खुर्चीवर शाहीर. ते उठले नव्हते. मागं न बघताही त्यांना कळलेलं होतं.

ती स्टेजवर उभी होती, हातात बिनवायरचा माईक. मी तिच्या पाठीमागं होतो, तिचा चेहरा मला दिसला नाही. फक्त मानेची शीर दिसली. ड्रमरचा ठेका थांबला आणि तो माझ्याकडं वाकून म्हणाला, "मेलो रे. माझ्या हातानं पोरीचं वाटोळं केलं."

तिकडं टँकरपाशी ठरलेलं सुरू झालं होतं. पाइप कुणी ओढायचा, कोण आधी आलं, कुणाचा ड्रम मध्येच घुसला. "ए, मी इथं सकाळपासून हाय!" "टँकर आत्ता आला, तू सकाळपासून कशी?" आणि या गलक्यात तिच्या माईकमधून आवाज आला, चढवलेला नव्हे, अगदी दवाखान्यात पेशंटला बोलवावं तसा:

"नंबर धर, नंबर धर."

दोन-चार माना वळल्या. ती स्टेजवरून उतरत होती. एकदाच मागं वळून म्हणाली, "या ना! झील कोन धरनार?"

मी गिटारीसकट उडी मारली. वायर साडेतीन मीटरची. चौथ्या मीटरला वायर ताणली, प्लग उपटला, आणि ढप्प असा आवाज करून माझं रॉक संगीत संपलं. गिटार स्टेजवर ठेवून मी रिकाम्या हातांनी पळालो. डॉक्टर माझ्या पुढं. ड्रमर काठ्या घेऊन रांगेत घुसला आणि समोर पहिला रिकामा निळा ड्रम दिसला त्यावर ठेका धरला. कसला घुमला तो ड्रम! हजारोंचे माझे सगळे स्पीकर त्याच्यापुढं पाणी भरतील.

ती रांगेच्या तोंडाशी, टँकरच्या पायरीवर चढली. म्हणाली पुन्हा तेच, नळ, टाकी, टॉवर, आणि 'आमच्या गल्लीत यायचं तर?' म्हणून बोट रांगेवरून फिरवलं. रांग म्हणाली, "नंबर धर, नंबर धर!" आणि हसत हसत खरोखरच धरला. घुसलेला ड्रम मागं गेला. मग तिनं असं कडवं काढलं, जे आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. तिची आई रांगेत चौथी होती, डोक्यावर हंडा.

माय माझी शिकली अंक रांगेमधी उभी,
पाटी नाय, पेन्सिल नाय, शाळा नव्हती कधी.
एक हंडा, दोन हंडे, तिसरा डोईवर,
पयला धडा, शेवटचा धडा, नंबर धर, नंबर धर!

आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय होती, हंड्यामुळं दिसलं नाही.

रिकामा ड्रम घुमतो, भरला की मुका होतो. हे मला त्या संध्याकाळी कळलं. ड्रमर वाजवत असलेला ड्रम भरत आला की आवाज जाड, मग बसका, मग नुसता थप्प. की तो पुढच्या रिकाम्या ड्रमवर. असा तो वाजवत वाजवत रांगेच्या शेपटाकडं सरकत गेला आणि त्याच्या मागोमाग आम्ही झीलकरी. आणि शेपटाकडं जाताना माझ्या ध्यानात आलं, की माझं 'धर' आज वेळेवर पडतंय. मी ते पाडत नव्हतोच. माझ्या पाठीमागून कुणीतरी एक उंच, तासलेला, म्हातारा सूर लावून ते उचलत होतं आणि मी त्याला धरून चाललो होतो. मागं वळून पाहिलं. वरच्या बटणापर्यंत लावलेला पांढरा शर्ट. डोळे मिटलेले, एक हात कानावर.

शेवटचा ड्रम थप्प झाला. वाजवायला काही रिकामं उरलं नाही, म्हणून गाणं संपलं.

एक म्हातारी आपली कळशी उचलत म्हणाली, "जलमात पयल्यांदा भांडन न होता पानी मिळालं. मजा नाय आली बया." आणि घरी जायचं सोडून, कळशी काखेत घेऊन मैदानाकडं वळली. तिच्यामागं बाकीच्या. भरलेले हंडे सतरंज्यांवर मांडून लोक शेजारी बसले. मी स्टेजवर गेलो तर माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर एक तुडुंब कळशी ठेवलेली. मी बघतोय म्हटल्यावर एक बाई म्हणाली, "का? हे स्टूल नाय व्हय?"

शाहीर स्टेजवर आले. माईक त्यांनी घेतला नाही, त्यांना त्याची गरज नव्हती. अट सगळ्या वस्तीला ठाऊक होती.

"माझ्या पोरीच्या पाळीत लोक उठले," ते म्हणाले.

ड्रमर पुढं झाला. "शाहीर, तो टँकर माझा. चूक माझी. तिची नाय."

"टँकर कुनाचाबी असंल. उठले का नाय?"

"उठले," ती म्हणाली. तिनं माईक खाली ठेवला आणि झीलकरी उभे राहतात त्या कोपऱ्याकडं निघाली. सवयीचं चालणं. पंधरा वर्षांचं.

"कुटं चालली?" शाहीर म्हणाले.

"मागं."

"मागं जागा नाय. रांगेत तू पुढं व्हतीस. मागं कोन उभं व्हतं, ते साऱ्यांनी बघितलंय. ती जागा भरली. तिथं मी हाय." आणि ते, तीस वर्षं पुढं उभे राहिलेले शाहीर, चालत त्या कोपऱ्यात गेले आणि झीलकऱ्यांत उभे राहिले. "चला. पानीबी आलंय, लोकबी बसलेत. सुरू कर."

तिला सुरू करायला थोडा वेळ लागला. लोकांनी दिला.

मी गिटार उचलली. कळशी अ‍ॅम्प्लिफायरवर होती, ती काढायचं धाडस मला झालं नाही. मग गिटार तशीच ठेवली आणि मीही मागच्या कोपऱ्यात गेलो. डॉक्टर आधीच पोचलेला होता. शाहिरांनी माझ्याकडं बघितलं, दोन बोटांनी शर्टाची बाही धरून मला अर्धा पाऊल आपल्या जवळ ओढलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं 'धर' मागं पडतंय. आज मी हाय म्हनून निभलं. बुधवारी सांजच्याला या. शिकवतो."

मी गेलो. त्या बुधवारी, आणि नंतर सात वर्षं. तिच्या पाळीत आता लोक कधी उठत नाहीत. माझं 'धर' अजूनही थोडं मागं पडतं, पण शाहीर म्हणतात, आता निदान ते कुणाच्या मागं पडतंय हे तुम्हाला ठाऊक असतं.